श्रीमंत देशांतलं माध्यमिक शिक्षण आणि आपलं: तक्त्यात नेमकं काय घालू?

करवीर_गणित

नमस्कार मंडळी. जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांच्या बैठकीत चाळीस मिनिटं मांडणी करायची आहे. विषय आहे श्रीमंत आणि विकसनशील देशांतल्या माध्यमिक शिक्षणाची तुलना. ऐकणारे शाहूवाडीपासून शिरोळपर्यंतच्या अनुदानित हायस्कूलचे, त्यामुळे फिनलंडच्या शाळांचे सुंदर फोटो दाखवून भागणार नाही.

तक्त्यात एका बाजूला फिनलंड, जर्मनी, जपान, इंग्लंड आणि दुसऱ्या बाजूला व्हिएतनाम, केनिया, बांगलादेश, भारत घेतलेत. स्तंभ चार: पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीतले गणिताचे गुण, वर्गातली मुलं, दर विद्यार्थी खर्च, सक्तीच्या शिक्षणाचं वय.

अडचण पहिल्याच स्तंभात येते. २०२२ च्या पिसात ओईसीडी (बहुतांशी श्रीमंत देशांची संघटना, पिसा तीच घेते) देशांची गणिताची सरासरी ४७२, फिनलंड ४८४ आणि व्हिएतनाम ४६९. हा तक्ता पडद्यावर आला की कुणीतरी म्हणणार, "म्हणजे पैशाचा प्रश्नच नाही, शिक्षकांनी मनावर घ्यायला पाहिजे." वेतनेतर अनुदानासाठी (पगार सोडून बाकीच्या खर्चाच्या पैशासाठी) झगडणाऱ्या शाळांपुढे असा निष्कर्ष ठेवायचा नाही, पण आकडे तर खरे आहेत. भारताचा रकाना रिकामाच राहतो, तो कशानं भरू? आणि आपल्या दहावीच्या बरोबरीचं त्या देशांत नेमकं काय धरायचं?

शाहूपुरी_जुना_वर्ग

सर, पिसाचा स्तंभ काढू नका. त्याला लागून आणखी एक स्तंभ घाला: त्या वयाची किती मुलं या चाचणीच्या कक्षेत होती. पिसा १५ वर्षांच्या मुलांची असते, पण जी शाळेत आहेत आणि निदान सातवीपर्यंत पोचलीत त्यांचीच. जपान, फिनलंडमध्ये यात जवळजवळ सगळी मुलं येतात. व्हिएतनाममध्ये २०२२ साली साधारण दोनतृतीयांशच येत होती. शेतावर किंवा कारखान्यात गेलेलं पोर ४६९ मध्ये मोजलेलंच नाही. म्हणून व्हिएतनामचं काम खोटं ठरत नाही. शाळेत टिकलेल्या मुलांना तिथं खरोखर चांगलं शिकवतात. पण फिनलंडच्या "सगळ्यां"शी व्हिएतनामच्या "टिकलेल्यां"ची तुलना होतेय, हे तक्त्यात दिसलं पाहिजे.

पैशाचं उत्तर ओईसीडीच्याच अहवालात आहे. सहाव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत एका मुलावर मिळून सुमारे ७५ हजार डॉलर (देशोदेशींच्या किमतींतला फरक धरून) खर्च होईपर्यंत खर्च वाढला की गुणही वाढताना दिसतात. त्यापुढे हे नातं सैल होत जातं. फिनलंडचे गणितातले गुण २००६ साली ५४८ होते, ते २०२२ ला ४८४ वर आले, आणि देश काही त्या काळात गरीब झालेला नव्हता. तेव्हा "पैशानं फरक पडत नाही" हे वाक्य त्या रेषेच्या वर असलेल्यांना लागू. आपण रेषेच्या पुष्कळ खाली आहोत. बैठकीत हे सरळ सांगा.

भारताचा रकाना: २००९ च्या फेरीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू ही दोन राज्यं बसली होती. ७४ जणांच्या यादीत दोन्ही तळाशी, किर्गिझस्तानच्या तेवढी वर. त्यानंतर भारत पिसात उतरलेला नाही. तिथं आकडा न घालता एवढं वाक्य लिहा.

आता गुण बाजूला ठेवून प्रश्नच दाखवा, त्याचा जास्त उपयोग होईल. पिसाचा एक जाहीर झालेला जुना प्रश्न असा आहे. चालणाऱ्या माणसाच्या पावलांचं चित्र दिलंय. सूत्र दिलंय: मिनिटाला पडणारी पावलं भागिले एका पावलाची लांबी (मीटरमध्ये) बरोबर १४०. पहिला भाग: मिनिटाला ७० पावलं पडतात, तर पावलाची लांबी किती? किंमत घातली की ०.५ मीटर. दुसरा भाग: पावलाची लांबी ०.८० मीटर आहे, तर चालण्याचा वेग मीटर प्रतिमिनिट आणि किलोमीटर प्रतितास किती?

दुसऱ्यात पोरं कुठं अडकतात बघा. १४० गुणिले ०.८० म्हणजे ११२, आणि बरीचशी तिथंच उत्तराखाली रेघ मारतात. ११२ ही पावलं झाली, वेग नव्हे. पुन्हा ०.८० नं गुणलं की ८९.६ मीटर प्रतिमिनिट, आणि ६० नं गुणून हजारानं भागलं की सुमारे ५.४ किलोमीटर प्रतितास. यातलं गणित सातवीच्या वर नाही. अवघड आहे ते "आता पुढं काय करायचं" हे स्वतः ठरवणं. आपल्या दहावीच्या पेपरात "कृती पूर्ण करा" म्हणून चौकटी आखलेल्या असतात. वाट पेपर काढणाऱ्यानं आखलेली, मुलानं फक्त चौकट भरायची. त्या चौकटींनी कच्चा मुलगा पास होतो हे खरं आणि त्याची गरजही आहे. पण नववीला आठवड्यातून एक तरी उदाहरण चौकटींशिवाय दिलं नाही तर हा सराव कधीच होत नाही. बैठकीत हेच उदाहरण फळ्यावर घ्या.

वर्गसंख्येचा स्तंभसुद्धा नुसता आकडा म्हणून ठेवू नका. ओईसीडी देशांत माध्यमिकच्या खालच्या टप्प्यावर वर्गात सरासरी २३ च्या आसपास मुलं असतात. आपल्याकडं शहरातल्या चालत्या शाळेत तुकडीला ६० असतात. एका शिक्षकाकडं पाच तुकड्या धरा, म्हणजे ३०० वह्या. एका वहीला दोन मिनिटं दिली तरी एका फेरीला दहा तास. २३ च्या पाच वर्गांना ११५ वह्या, पावणेचार-चार तास. पहिल्या ठिकाणी वही "पाहिली" अशी सही होते, दुसऱ्या ठिकाणी चूक कुठं झाली ते लिहिता येतं. वर्ग लहान केला म्हणून गुण आपोआप वाढत नाहीत (जपानमध्ये वर्ग मोठेच असतात), पण वेळ कुठं जातो ते यातून कळतं.

करवीर_गणित

फार मोलाचं. कक्षेचा स्तंभ घालतोच. दहावीच्या बरोबरीचं काय धरायचं, ते मात्र अजून सुटलेलं नाही.

उद्यमनगर_टर्निंग

"बरोबरीचं काय" असं शोधलं की घोळ होतो. प्रत्येक देशासाठी दोन गोष्टी लिहा: चाळणी (मुलांना निवडून वेगळ्या वाटांना लावणारा टप्पा किंवा परीक्षा) कितव्या वर्षी लागते, आणि चाळणीखाली पडलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी कुठं जायचं ते ठरलेलं आहे का. श्रीमंत देशांचं एकमेकांत जमत नाही ते पहिल्या गोष्टीत. श्रीमंत आणि गरीब देशांतला खरा फरक दुसऱ्या गोष्टीत आहे.

जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतरच, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. एक वाट गिम्नाझियमची, पुढं आबितुर परीक्षा आणि विद्यापीठ. बाकीच्या वाटा रेआलशूल, हाउप्टशूल किंवा एकत्रित शाळांच्या. दहाव्या वर्षी वाट ठरली की बापाचं शिक्षण पोराच्या वाटेला चिकटतं, आणि ही टीका जर्मनीत २००० च्या पिसानंतर फार जोरात झाली. तिथलं सगळंच चांगलं असं मांडू नका.

पण चाळणीखालची सोय बघण्यासारखी आहे. पोरगं कंपनीशी शिकाऊ करार करतं. करार व्यापार-उद्योग मंडळाकडं किंवा कारागिरांच्या मंडळाकडं नोंदवला जातो. आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, आणि असं तीन ते साडेतीन वर्षं. असे मान्यताप्राप्त व्यवसाय सव्वातीनशेच्या आसपास. विद्यावेतन कंपनी देते आणि २०२० पासून त्याची किमान रक्कम कायद्यानं ठरलेली आहे. शिकवणाऱ्याला शिकवण्याची वेगळी पात्रता परीक्षा द्यावी लागते, नुसतं हातात काम आहे म्हणून चालत नाही. शेवटची परीक्षा कंपनी घेत नाही, मंडळ घेतं. म्हणून एका गावात मिळवलेला दाखला दुसऱ्या गावात चालतो.

आपल्या फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या, भाषेत सांगतो. साच्याच्या वाळूत ओल तीन-चार टक्क्यांच्या आसपास लागते. ओल जास्त झाली की ओतताना वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये भोकं पडतात. कमी झाली की साचा ढासळतो, कडा तुटतात. आपल्याकडचा पोरगा वाळू मुठीत दाबून, मोडून बघायला शिकतो, आणि चांगलं शिकतो. पण वाफेचं आकारमान का वाढतं हे त्यानं नववीच्या विज्ञानात वाचलेलं असतं आणि दोन्हींची गाठ कुणी घालून देत नाही. तिथं मंगळवारी भोकं पडलेली कास्टिंगं मोजली की गुरुवारी शाळेत त्याच भोकांचं विज्ञान होतं. त्या पद्धतीतून घ्यायची गोष्ट म्हणजे ही गाठ. यंत्रसामग्री आपल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतही आहे.

कायदाही आपल्याकडं आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. घोडं अडतं ते लहान युनिटला. पाच-दहा माणसांच्या वर्कशॉपवर बंधन नाही, आणि कोल्हापूरचं बरंचसं काम तिथंच चालतं. दुसरी अडचण वयाची. शिकाऊ उमेदवाराचं किमान वय १४, पण धोकादायक उद्योगासाठी १८. भट्टीपुढं दहावी झालेला सोळा वर्षांचा मुलगा कायद्यानं उभा करता येत नाही आणि करूही नये. मग सोळा ते अठरा ही दोन वर्षं त्याला आयटीआयमध्ये टर्नर, फिटर, मशिनिस्ट अशा ट्रेडला बसवायची. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. दहावीच्या निकालाच्या आठवड्यात ही वाट पालकांना तोंडी सांगून भागत नाही. कागदावर लिहून द्या.

पन्हाळ्याची_वाट

उद्यमनगरवाल्यांच्या चाळणीच्या मुद्द्याला इंग्लंड जोडा. तिथं चाळणी सोळाव्या वर्षी, जीसीएसई या शालांत परीक्षेची. पण २०१५ पासून अठरापर्यंत काही ना काही शिक्षण किंवा प्रशिक्षण घेणं बंधनकारक आहे. इंग्रजीत किंवा गणितात ४ हा (पास धरला जाणारा) दर्जा मिळाला नाही तर पुढच्या अभ्यासक्रमाबरोबर तो विषयही शिकत राहावा लागतो. पुन्हा बसणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्या वर्षीही ४ मिळत नाही, म्हणजे नुसती सक्ती करून विषय येत नाही हेही दिसतं. आपल्याकडं एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर) अकरावीला बसता येतं, जून-जुलैत पुरवणी परीक्षा आहे. बाहेर राहिलेल्याला खाजगीरीत्या परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे. दारं आहेत. दाराशी उभं राहून हात धरणारा माणूस नेमलेला नाही.

आणि फिनलंडबद्दल "तिथं परीक्षाच नसतात" असं कृपया कुणी म्हणू नका. नववीपर्यंत राष्ट्रीय परीक्षा नाही, शिक्षकांच्या स्वतःच्या चाचण्या भरपूर असतात. पुढच्या सामान्य शाखेच्या शेवटी मॅट्रिक्युलेशनची मोठी परीक्षा आहेच. शिकवायला पदव्युत्तर पदवी लागते. शाळेतलं जेवण १९४८ पासून मोफत, आणि ते वरच्या वर्गांनाही. आपला पोषण आहार आठवीला थांबतो. नववीतल्या पोराला भूक कमी लागते असं थोडंच आहे.

भुदरगड_खोरं

मंडळी, चर्चा श्रीमंत देशांवरच जास्त रेंगाळली. मुख्याध्यापकांना उपयोग होईल तो विकसनशील देशांच्या चुकांचा, कारण त्या आपल्यासारख्याच परिस्थितीत झालेल्या आहेत.

घाना आधी घ्या, तुमच्या तक्त्यात नाही पण घालाच. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथं वरच्या माध्यमिकची फी माफ झाली. मुलं लोटली. वर्गखोल्या, वसतिगृहातल्या खाटा, शिक्षक तेवढेच. पुढच्याच वर्षी, २०१८ ला, गर्दीच्या शाळांत मुलांचे दोन गट करावे लागले. एक गट शाळेत असताना दुसरा घरी, मग अदलाबदल. फी हा एकच अडथळा धरला की असं होतं. मुलं आली हे यशच, पण जागांचा हिशेब आधी व्हायला हवा होता.

केनियात २००८ पासून घरून ये-जा करणाऱ्यांसाठी माध्यमिकची शिकवणी फी सरकार भरू लागलं. २०१८ पासून दर विद्यार्थी वर्षाला २२,२४४ शिलिंग असा दर ठरला. दर कागदावर नीट आहे, पैसे हप्त्यांनी आणि उशिरा येतात ही तिथल्या शाळांची कायमची तक्रार. मग शाळा चालवायला जेवण, वसतिगृह, गणवेश या नावांनी पालकांकडून घ्यावं लागतं. आपल्या वेतनेतर अनुदानाची गोष्ट सांगायला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही.

बांगलादेशानं १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिकच्या मुलींना देशभर विद्यावेतन दिलं. अटी तीनच: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण, आणि माध्यमिकची परीक्षा होईपर्यंत लग्न नाही. तिसरी अट नीट वाचा. आठवी-नववीत मुलगी गळते ती अभ्यासामुळं कमी आणि घरच्या ठरावामुळं जास्त, हे ओळखून अट घातलेली आहे. मुलींची संख्या वाढली. शिकण्याचा दर्जा मात्र त्या पैशानं आपोआप वाढला नाही, तो वेगळा प्रश्न राहिला.

भारताचं मुख्य भोक सांगायचं तर शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा, आठवीपर्यंतचा आहे. म्हणजे नववीच्या उंबऱ्यावर कायद्याचा हात सुटतो, आणि त्याच सुमारास डोंगरी तालुक्यात अंतर वाढतं. गावात सातवीपर्यंतची शाळा, हायस्कूल खाली मोठ्या गावात. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण पास असून बस शाळेच्या वेळेला नसेल तर मुलगी शेवटचा तास सोडून निघते. तो शेवटचा तास बहुतेक विज्ञानाचा किंवा गणिताचा असेल तर वर्षाअखेर काय होतं ते वेगळं सांगायला नको. वेळापत्रक करताना अवघड विषय पहिल्या चार तासांत घेणं हे मुख्याध्यापकांच्या हातात आहे, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. जुलै-ऑगस्टात गगनबावड्याकडचा रस्ता पाण्याखाली गेला की जाणारे दिवस आधीच धरून नियोजन करता येतं.

जपाननं या अंतराचं काय केलं तेही तक्त्यात येऊ द्या. दुर्गम भागातल्या शिक्षणासाठी त्यांचा वेगळा कायदा १९५४ चा आहे. शिक्षकांच्या पगाराचा एकतृतीयांश वाटा केंद्राकडून येतो, बाकीचा प्रांताचा, आणि प्रांत शिक्षकांना शाळाशाळांतून फिरवतो. त्यामुळं डोंगरातल्या शाळेला गणिताचा शिक्षक नाही असं सहसा राहत नाही. तिथं सक्ती नववीपर्यंतच आहे. पुढच्या शाळेला पंधराव्या वर्षी प्रवेश परीक्षा आहे. तरीही ९८ टक्क्यांच्या आसपास मुलं पुढं जातात, कारण जागा आहेत.

करवीर_गणित

भुदरगडकर, नववीच्या उंबऱ्यावर लगेच करता येईल असं एखादं काम सांगता का? मुख्याध्यापक रिकाम्या हातानं परत जायला नकोत.

भुदरगड_खोरं

एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती. आठवीची परीक्षा, शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठी. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के). पेपर दोन: बौद्धिक क्षमता ९० प्रश्न, शालेय विषय ९० प्रश्न, प्रत्येकी दीड तास. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८ हजार. कायदा जिथं सुटतो तिथंच हे सुरू होतं.

पैसे बुडतात ते परीक्षेत नव्हे, नंतर. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते अकरावीला राहतं, कारण मुलगा दुसऱ्या कॉलेजात गेलेला असतो आणि जुन्या शाळेला वाटतं नवं कॉलेज बघेल. दुसरं, आधारवरचं नाव, शाळेच्या रजिस्टरमधलं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नाही. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षर. हे सातवीतच तपासून दुरुस्त करायचं. आठवीत फॉर्म भरताना वेळ उरत नाही. आणि दहावीचा दाखला देताना शिष्यवृत्तीचा अर्ज क्रमांक चिठ्ठीवर लिहून मुलाच्या हातात द्यायचा.

शाहूपुरी_जुना_वर्ग

सर, सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडला तर घरच्या माणसापासून करा. देशाच्या शिक्षणाचा आराखडा मांडणाऱ्या कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीचं मौनी विद्यापीठ त्यांनी उभं केलेलं. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, शेजारची शाळा सगळ्यांची एकच असावी आणि उच्च माध्यमिकची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडं जावीत, असं तो आयोग सांगून गेला. शेजारशाळा फिनलंडनं सत्तरच्या दशकात आणली, व्यवसायाची वाट जर्मनीनं पक्की केली. त्याआधी १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, आणि १९०१ पासून शहरात वसतिगृहं काढत नेली. खेड्यातल्या पोराला वरचं शिक्षण घ्यायचं तर अंतर आड येतं, हे त्यांनी तेव्हाच धरलं होतं.

करवीर_गणित

मग तक्ता असा करतो: पिसाचे गुण आणि त्याला लागून कक्षेतली मुलं, चाळणीचं वय, चाळणीनंतरची ठरलेली वाट, अंतरावरचा उपाय. खर्चाचा स्तंभ राहतो, ७५ हजारांची रेघ मारून. घाना घालतो. पावलांचं उदाहरण पहिल्या दहा मिनिटांत मुख्याध्यापकांकडूनच सोडवून घेतो. एनएमएमएसची नावं जुळवायची यादी आणि आयटीआयच्या वाटेचा कागद, दोन्ही झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या खुर्चीवर ठेवतो. उद्यमनगरवाले, त्या कागदावर कोणत्या ट्रेडला किती वर्षं लागतात ते एकदा तपासून द्याल का?

उद्यमनगर_टर्निंग

देतो की. टर्नर, फिटर, मशिनिस्ट दोन वर्षांचे, वेल्डर आणि फौंड्रीमन एका वर्षाचे. एक वर्षाच्या ट्रेडवर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची वाट धरू नका, तिथं पालकांचा हमखास गैरसमज होतो. कागदावर ही ओळ ठळक छापा.